६ व्होल्टचा फोर्ड ८एन १२ व्होल्टवर आणताना

बॅटरी बदलली की ट्रॅक्टर बारा व्होल्टचा झाला, असं समजून कामाला लागू नका. मी हडपसरला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, आणि जुना फोर्ड ८एन दारात आला की हातातलं काम बाजूला ठेवतो. १९४७ ते १९५२ या काळात बनलेल्या या ट्रॅक्टरला ६ व्होल्ट आणि पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. बारा व्होल्टसाठी डायनॅमोच्या जागी जो अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा आणि बॅटरी चार्ज करणारा) बसवायचा, त्याला मात्र मायनस बॉडीला लागतो. उलटं जोडलंत तर त्यातले डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, क्षणात जातात. म्हणून आधी बॅटरी उतरवा, मगच पान्याला हात लावा.

डायनॅमो (जुना चार्जिंगचा जनरेटर) आणि कटआउट (त्याला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा रिले) काढा, पण भंगारात घालू नका. पुढे कुणाला ट्रॅक्टर मूळ रूपात हवा असेल तर हेच भाग शोधत फिरावं लागतं. त्या जागी रेग्युलेटर (व्होल्ट आवाक्यात ठेवणारा भाग) आतच असलेला लहान अल्टरनेटर बसवा; मी नाना पेठेतून मारुती ८०० चा आणतो. ब्रॅकेट बनवून घ्यावं लागतं. पुली क्रँकच्या पुलीशी एका रेषेत आली नाही तर पट्टा टिकत नाही.

खरा जीव कॉइलमध्ये, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणाऱ्या भागात आहे. ६ व्होल्टच्या कॉइलला सरळ १२ दिले की करंट दुप्पट होतो, कॉइल तापते, पॉइंट (कॉइलचा करंट तोडणारे संपर्क) जळतात. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) इंजिनच्या बाजूला असलेल्या मॉडेलला गोल कॉइल असते. तिथे प्रायमरीला (कॉइलच्या दोन लहान टर्मिनलांमध्ये) साधारण ३ ओहम भरणारी १२ ची कॉइल लावा आणि डॅशमागचा जुना रेझिस्टर (करंट कमी करणारा) वगळा. डिस्ट्रिब्युटर पुढे असेल आणि ६ ची चौकोनी कॉइल ठेवायची असेल, तर जुना रेझिस्टर राहू द्या, सोबत सीरिजमध्ये आणखी एक टाका. मीटरने मोजा, डब्यावर काय छापलंय त्यावर विसंबू नका. कॉइलचा मायनस आता डिस्ट्रिब्युटरकडे जाईल.

अल्टरनेटर जागा करणारी बारीक वायर इग्निशन स्विचवरून थेट नेऊ नका. स्विच बंद केला तरी त्या वायरीतून करंट उलटा कॉइलकडे येतो आणि इंजिन बंदच होत नाही. मध्ये चार्जिंगचा छोटा बल्ब किंवा डायोड हवा.

बल्ब आणि सोलेनॉइड (सेल्फला करंट देणारा स्विच) १२ चे घ्या. अँपिअर मीटरच्या दोन्ही वायरींची अदलाबदल करा. सेल्फ (स्टार्टर मोटर) तोच चालतो, फिरतोही त्याच दिशेला. फक्त बटण दाबून धरू नका, बेंडिक्सला, म्हणजे सेल्फचा दात इंजिनच्या चाकात अडकवणाऱ्या भागाला, दणका बसतो.

इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. कमी दिसले तर अल्टरनेटर खोलण्याआधी अर्थची पट्टी सोडवा आणि तिच्याखालचा रंग खरवडून लोखंड उघडं करा.