बहुभाषिक गटाला सर्जनशील लेखन कसे शिकवावे : सुरुवात कोड्यापासून

मुंबईतील एखाद्या वस्तीत वाचनालयाने लेखन कार्यशाळा भरवली, तर समोर बसलेल्या वीस जणांत मराठी, भोजपुरी, कन्नड, तेलुगू, गुजराती अशा पाच-सहा मातृभाषा सहज निघतात. अशा गटाला ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय दिला की बहुतेक जण शाळेत गिरवलेल्या निबंधाकडे वळतात आणि ज्यांना प्रमाण मराठीचा सराव नाही, ते गप्प बसतात. म्हणून निबंध आणि कथा दोन्ही बाजूला ठेवून कोड्यापासून सुरुवात करावी. कोडे छोटे असते, तोंडी असते, नातवाइतकेच आजीलाही ते येते. शिवाय हिंदीतील पहेली, गुजरातीतील उखाणुं, कन्नडमधील ओगटु, तेलुगूतील पोडुपुकथा अशा रूपांत ते घरोघर आधीपासूनच आहे.

१. गट जमवणे

पंधरा ते वीस जण आणि दोन तासांचा वेळ पुरेसा होतो. नऊ वर्षांपुढील मुले आणि मोठी माणसे यांना एकत्रच बसवावे. मुलांचा हात लिहिण्यास धजतो आणि मोठ्यांकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते, त्यामुळे दोघांचेही अडत नाही. नावनोंदणी करताना ‘घरी कोणती भाषा बोलता?’ एवढेच विचारावे. ‘तुमच्या समाजाविषयी काही सांगा’ असे कोणालाही म्हणू नये, कारण त्या क्षणी तो माणूस लेखक न राहता आपल्या जमातीचा प्रतिनिधी होतो आणि मग त्याच्या हातून माहितीपत्रकाखेरीज काही उतरत नाही.

२. ऐकणे

पहिला अर्धा तास वही-पेन उघडू देऊ नये. प्रत्येकाने आपल्या भाषेतील कोडे, आहे त्या ठेक्यात, दोनदा म्हणावे आणि नंतर त्याचा अर्थ मराठीत किंवा हिंदीत सांगावा. अर्थ कळण्याआधी नाद कानावर पडणे महत्त्वाचे आहे.

३. कोडे उकलून पाहणे

शिकवण्याचे खरे काम येथे होते, तेव्हा या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. ‘सूपभर लाह्या, त्यात एक रुपया’ हे आपले जुने कोडे घ्यावे. उत्तर चांदण्या आणि चंद्र हे मराठी मुले लगेच सांगतात. पण उत्तरावर न थांबता हे कोडे कोणाच्या घरातून आले असेल, असे विचारावे. जिथे धान्य पाखडले जाते, लाह्या भाजल्या जातात आणि रुपयाचे नाणे जपून ठेवले जाते, अशा घरातील बाईने आकाशाकडे पाहिले, तेव्हा तिच्या हाताशी असलेल्या वस्तूच तिला तिथे दिसल्या. ही गोष्ट गटाच्या लक्षात आली की पुढचा प्रश्न विचारावा : आकाश तेच आहे, पण ते तुमच्या घरातून पाहिले तर काय दिसेल? समजा, जिचे आईवडील मासेमारी करतात अशी मुलगी लिहील, ‘जाळ्याला चिकटले खवले, मधोमध एक पापलेट’. बांधकामावरील झोपडीत राहणारा मुलगा लिहील, ‘काळ्या ताडपत्रीला बारीक भोके, त्यातले एकच मोठे’. या दोन्ही ओळी सुपाच्या ओळीइतक्याच अस्सल आहेत, हे शिक्षकाने सर्वांसमोर स्पष्ट सांगावे. ज्या मुलाने सूप कधी पाहिलेले नाही, त्याला सुपाची ओळ पाठ करायला लावण्यापेक्षा त्याची ताडपत्री कागदावर येणे केव्हाही मोलाचे.

४. लिहिणे

आता घरातील एक वस्तू निवडून पंधरा मिनिटे लिहावे. नियम मोजकेच ठेवावेत : वस्तूचे नाव घ्यायचे नाही, ‘सारखा’ किंवा ‘जणू’ हे शब्द वापरायचे नाहीत आणि ज्या भाषेत सुचेल त्याच भाषेत लिहायचे. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी सांगावे आणि शेजारच्या मुलाने जसेच्या तसे उतरवून घ्यावे. लिहून घेणाऱ्याने बोलीचे रूप सुधारून ‘शुद्ध’ करू नये, ही ताकीद आधीच द्यावी, कारण मुलांना शाळेमुळे ती सवय लागलेली असते.

५. वाचन आणि अनुवाद

लेखकाने आधी मूळ वाचावे, मग जोडीदाराच्या मदतीने मराठी करावे. ‘लिट्टी’ (सत्तू भरून भाजलेला कणकेचा गोळा) यासारखा शब्द आला तर तो तसाच राहू द्यावा, ‘भाकरी’ करून त्याची चव घालवू नये. अभिप्राय देताना ‘छान’ म्हणणे सोपे असते, पण उपयोगाचे नसते. त्याऐवजी कोणता शब्द डोळ्यांपुढे राहिला आणि कुठे वाट चुकली, हे दोनच प्रश्न विचारावेत.

६. कोड्याकडून कवितेकडे

पुढच्या बैठकीत कोड्याचे उत्तर काढून टाकावे, चित्राच्या दोन ओळी ठेवाव्यात आणि त्याखाली एखाद्या माणसाविषयी दोन ओळी लिहायला सांगाव्यात. मलय भाषेतील पंतुन या चार ओळींच्या रचनेची बांधणी अशीच आहे. तिच्या पहिल्या दोन ओळींत दृश्य आणि पुढच्या दोन ओळींत मनातील गोष्ट असते, तर पहिली-तिसरी आणि दुसरी-चौथी ओळ यमकाने जुळते. इंडोनेशिया आणि मलेशिया यांच्या या परंपरेला 2020 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. ज्या बायकांनी जात्यावरच्या ओव्या ऐकल्या आहेत, त्यांना हे फारसे समजावून सांगावे लागत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या अभ्यासकांनी पुढाकार घेऊन जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांपैकी अनेक ओव्या ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्यातली एखादी वर्गात अवश्य ऐकवावी. हायकू ही तीन ओळींची जपानी रचना मात्र सुरुवातीला टाळावी. कवयित्री शिरीष पै यांनी ती मराठीत रुजवली असली, तरी नवखी माणसे ओळींतली पाच-सात-पाच अक्षरे मोजण्यात गुंतून पाहणेच विसरतात.

शेवटी या लेखनाची पुस्तिका काढणार असाल, तर मूळ रचना तिच्या लिपीत आणि मराठी रूप त्याखाली, अशी मांडणी करावी. कन्नड किंवा तेलुगू मजकूर ती लिपी वाचणाऱ्या पालकाकडून तपासून घ्यावा, नाव कसे छापायचे ते प्रत्येकाला विचारावे आणि मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घेतल्याशिवाय काहीही छापू नये.