खान्देशात इलेक्ट्रिक गाडी घेताना: आधी अर्थिंग, मग शोरूम

शोरूमची पायरी चढण्याआधी घरी इलेक्ट्रिशियन बोलवा. क्रम उलटा वाटेल, पण जळगाव, धुळे, नंदुरबारकडे हाच क्रम कामाचा आहे. नवी गाडी दारात येते, पहिल्या रात्री चार्जर लावला की लाल दिवा लागतो आणि बोल गाडीला लागतात. दोष असतो घरच्या अर्थिंगचा. फ्रिज, कूलर, मोटर अर्थिंग नसतानाही मुकाट चालतात. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर मात्र वीज घेण्याआधी अर्थ तपासतो आणि तो धड नसेल तर सुरूच होत नाही.

यात आपल्या काळ्या मातीची एक खोड आहे. पावसाळ्यात ती ओल धरते, अर्थिंग चोख दाखवते. चैत्र-वैशाखात तीच माती आकसते, भेगा पडतात, अर्थिंगच्या पाइपाभोवती पोकळी तयार होते आणि माती-पाइपाचा संपर्क तुटतो. त्यामुळे ऑगस्टमध्ये बिनतक्रार चार्ज होणारी गाडी मे महिन्यात अडते. जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी ओता. नवा करायचा असेल तर केमिकल अर्थिंग (पाइपाभोवती ओल धरणारी पावडर भरलेलं) करून घ्या आणि गाडीसाठी तो स्वतंत्र ठेवा.

इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरवर तीन आकडे घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२० ते २४० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये शक्यतो ३ व्होल्टच्या आत. शेवटचा आकडा ५ च्या वर गेला तर काम बाकी आहे असं समजा. मोजायचं ते संध्याकाळी, घरातला कूलर आणि पाण्याची मोटर चालू ठेवून. दुपारी रिकाम्या लाइनवर घेतलेला आकडा फसवतो. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १८०-१९० वर उतरत असेल तर चार्जिंग मंद होईल किंवा मध्येच तुटेल, तेव्हा गाडी मध्यरात्रीनंतर लावायची सवय ठेवावी लागेल.

पॉइंट कोणता घ्यायचा? दिवसाला ४० किलोमीटर फिरणाऱ्याला ६ ते ७ युनिट (ब्रोशरमधले kWh) लागतात. ते साध्या १५ अँपियरच्या पॉइंटवरून दोन-अडीच तासांत भरतात. त्यामुळे भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर प्रत्येकाला लागतोच असं नाही. ४५ युनिटची बॅटरी १० टक्क्यांवरून पूर्ण भरायला १५ अँपियरवर चौदा-पंधरा तास, तर ७.२ किलोवॉटवर सहा-साडेसहा तास लागतात. रोज शंभराच्या वर किलोमीटर पडत असतील तरच मोठा चार्जर घ्या. तो ३२ अँपियर खेचतो. घरातला एसी, गिझर, मोटर धरली तर मंजूर भार वाढवून थ्री-फेज कनेक्शन घ्यावं लागतं. तो अर्ज गाडी बुक केली त्याच आठवड्यात महावितरणकडे टाका, कारण वेळ तिथेच जातो.

वायर: १५ अँपियरच्या पॉइंटला मीटर-बोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटर तांब्याची, मोठ्या चार्जरला ६ ची, आणि अंतर १५ मीटरच्या वर असेल तर १० ची. सोबत स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की लाइन तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली, शॉक बसला की लाइन तोडणारा). जुन्या सॉकेटमध्ये प्लग सैल बसत असेल तर सॉकेट बदलाच. आठ तास सलग १५ अँपियर वाहिले की सैल सॉकेट वितळतो. एक्स्टेन्शन बोर्ड तर कधीच नको.

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात किंवा तापीकाठच्या मळ्यात घर आणि पंप शेजारी असतात. पंपाच्या कृषी कनेक्शनवर गाडी लावायचा मोह होतो. तो टाळा. ज्या कारणासाठी वीज मंजूर झाली त्याखेरीज दुसरीकडे वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दंडाचं बिल येतं. छतावर सोलर बसवता येत असेल तर तो विचार आताच करा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट आणि त्यापुढच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. ३ किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी १२ युनिटच्या आसपास देतो, त्यात घर आणि रोजची ४० किलोमीटरची गाडी बरीचशी निभते.

बॅटरी किती मोठी

ब्रोशरमधली रेंज बाजूला ठेवा. ती चाचणी प्रयोगशाळेत, एसी बंद ठेवून, बरीचशी संथ वेगाने घेतलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ अंशांत, चार माणसं बसवून, एसी पूर्ण लावून महामार्गावर ९० ने जायचं असतं. मध्यम आकाराची एसयूव्ही तेव्हा एका युनिटमागे ५.५ ते ६.५ किलोमीटर देते, लहान हॅचबॅक ७ च्या आसपास.

हिशेब असा करा. वर्षातून तीन-चारदा होणारा तुमचा सगळ्यात लांबचा प्रवास कोणता? बऱ्याच घरांत तो सप्तशृंगगडाचा असतो. जळगावहून धुळे, मालेगाव, कळवण करत गेलं तर एका बाजूने दोनशे किलोमीटरच्या वर, आणि शेवटी नांदुरीचा घाट. ४५ युनिटची बॅटरी ६ च्या हिशेबाने २७० किलोमीटर जाते. पण ती ९० टक्के ते १५ टक्के एवढीच वापरायची म्हटली तर हाती दोनशे राहतात. म्हणजे वाटेत एक थांबा धरायचाच. तो मान्य असेल तर ४५ पुरते, नसेल तर त्याहून मोठी बघा. पण वर्षातल्या चार फेऱ्यांसाठी लाखांनी जास्त मोजण्यापेक्षा मालेगावला अर्धा तास चहा घेणं शहाणपणाचं, असं आमचं स्पष्ट मत आहे. रोज जळगाव-भुसावळ करणाऱ्याला तर २५ ते ३० युनिटची बॅटरीसुद्धा भरपूर झाली.

बॅटरीचा प्रकारही विचारा. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) रसायनाची बॅटरी उष्णतेला जास्त सोसते आणि पूर्ण भरून ठेवली तरी चालते. उलट आठवड्या-पंधरवड्यातून एकदा ती १०० टक्के भरावीच लागते, नाहीतर टक्केवारीचा काटा चुकायला लागतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) वजनाने हलकी, पण १०० टक्के भरून भर उन्हात उभी राहिली की लवकर झिजते. तिला रोज ८० टक्क्यांवर थांबवा. दोन्हींत बॅटरीला द्रवाने गार ठेवणारी यंत्रणा आहे का, हे खान्देशात नक्की विचारायचं. नुसत्या हवेवर गार होणारी बॅटरी वैशाखात महामार्गावरून थेट फास्ट चार्जरवर लावली की चार्जिंगचा वेग एकदम घसरतो.

काचेचं मोठं छत घेऊ नका. ज्या भागात सुती कापडाखाली डोकं झाकून दुपारी बाहेर पडतात, तिथे डोक्यावर काच म्हणजे एसीला कायमचं जादा काम. घ्यायचंच असेल तर आतून अपारदर्शक पडदा असलेलं घ्या. हवा खेळणाऱ्या सीटचे पैसे मात्र वसूल होतात.

टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोनला

सेल्समन सकाळी अकराला बोलावेल, शहरातून दोन किलोमीटर फिरवून आणेल. तेवढ्यात काही कळत नाही. दुपारी दोनची वेळ मागा, गाडी एक तास उन्हात उभी ठेवायला सांगा आणि किमान ५०-६० किलोमीटरची फेरी ठरवून घ्या. जळगावहून एरंडोलपर्यंत जाऊन परत, धुळ्याहून लळिंग घाट चढून मालेगावच्या बाजूला तीस किलोमीटर जाऊन परत, नंदुरबारहून दोंडाईचा आणि परत. त्याच रस्त्याने परत यायचं, म्हणजे वारा आणि चढ-उतार यांची फिटंफाट होते.

निघताना बॅटरी ७० ते ८० टक्के असावी. १०० टक्के भरलेली गाडी नको, कारण भरलेल्या बॅटरीत रिजनरेशनने (पाय उचलला की मोटरच गाडी रोखते आणि वीज बनवते, त्याने) परत येणारी वीज ठेवायला जागा नसते आणि ते ब्रेकिंग नीट तपासता येत नाही. टायरमधली हवा गाडी थंड असताना मोजून दारावरच्या पट्टीवरच्या आकड्याएवढी करून घ्या. ट्रिप मीटर शून्य करा. घरची चार माणसं बसवा, मागच्या सीटवर एक उंच आणि एक म्हातारं माणूस हवंच. बॅटरी तळाशी असल्यामुळे काही गाड्यांत मागची फरशी उंच येते, गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार राहत नाही. दहा मिनिटांत ते जाणवत नाही, तासाभरात जाणवतं.

बसल्या बसल्या एसी लावून घड्याळ बघा. मागच्या सीटवर गारवा किती मिनिटांत पोहोचतो हा खरा निकाल. महामार्गावर ८०-९० चा वेग धरा. परत आल्यावर साधं गणित: समजा ४५ युनिटची बॅटरी ८० वरून ५८ टक्क्यांवर आली आणि ६० किलोमीटर झाले. २२ टक्के म्हणजे ९.९ युनिट, म्हणजे युनिटमागे सहा किलोमीटर. तुमच्या उन्हात, तुमच्या रस्त्यावर आलेला हा आकडा कुठल्याही ब्रोशरपेक्षा भरवशाचा.

वाटेत एखाद्या गावातला उंच गतिरोधक पाचही जागा भरून हळू ओलांडून बघा. खाली बॅटरीचं कवच असतं. घासल्याचा आवाज आला तर ती गाडी तुमच्या गावच्या रस्त्याची नाही. रिजनरेशनच्या सगळ्या पातळ्या वापरून बघा. चाळीसगाव-कन्नड घाटातून वरचेवर उतरणाऱ्यांनी जास्तीच्या पातळीवर गाडी किती सहज रोखली जाते ते पाहावं. शोरूमच्या आवारात डीसी, म्हणजे फास्ट, चार्जर असेल तर परत आल्यावर गरम गाडी त्यावर लावा आणि पडद्यावरचा किलोवॉटचा आकडा दहा मिनिटं बघत बसा. उन्हाळ्यात महामार्गावर थांबल्यावर साधारण तेवढंच मिळणार आहे. जास्त हवं असेल तर फास्ट चार्जिंगचा थांबा सकाळी किंवा दिवेलागणीनंतर ठेवा.

निघण्याआधी सर्व्हिस सेंटरमध्ये एकच प्रश्न विचारा: बॅटरीचं हाय-व्होल्टेजचं काम इथे होतं, की गाडी नाशिकला जाते?

कोटेशन

इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मोटार वाहन करात माफी आहे, त्यामुळे त्या रकान्यात आकडा दिसला तर कारण विचारा. गाडी १० लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ घेतलेला प्राप्तिकर) कापला जातो. तो विवरणपत्रात परत मागता येतो, पावती जपा. ‘कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची वजावट मिळते’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. कलम ८०ईईबी फक्त ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना लागू आहे. हँडलिंग चार्ज नावाचं शुल्क आरटीओत नसतं, ते काढायला लावा. विमा बाहेरून घेता येतो, पण त्यात झीरो-डेप (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई) आणि चार्जरसह बॅटरीचं कव्हर असल्याची खात्री करा. वॉरंटीच्या कागदात बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर ती बदलून मिळते, तो आकडा शोधा.

ताबा घेताना

आखाजी (अक्षय्य तृतीया), गुढीपाडवा, दसऱ्याला ताबा घ्यायचा असेल तर तपासणी तीन-चार दिवस आधी करा. मुहूर्ताच्या दिवशी शोरूमला जत्रा असते, कोणालाच वेळ नसतो. तपासणी नोंदणीच्या आधी आणि उरलेले पैसे देण्याच्या आधी. एकदा नंबर पडला की गाडी बदलून मिळत नाही.

चासी नंबर कागदावर आणि गाडीवर एकच आहे का बघा. फॉर्म २१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या दाखल्यात, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. टायरवरचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा. ओडोमीटर शंभरच्या वर असेल तर गाडी दुसऱ्या शहरातून चालवत आणली असावी किंवा टेस्ट ड्राइव्हला वापरली असावी. कारण लेखी मागा.

महिनोन्महिने यार्डात उभ्या राहिलेल्या गाडीत दोन गोष्टी बिघडतात. एक, छोटी १२ व्होल्टची बॅटरी. मोठी बॅटरी भरलेली असली तरी छोटी बसली की गाडी उघडतसुद्धा नाही. गाडी बंद असताना १२.४ व्होल्टच्या खाली आकडा आला तर नवी बसवून मागा. दुसरं, मोठी बॅटरी फार कमी टक्क्यांवर उभी राहिलेली असणं. शोरूमच्या तपासणी यंत्रावर बॅटरीची तब्येत, म्हणजे एसओएच, दाखवायला सांगा आणि त्याचा फोटो ठेवा.

रंग उन्हात तपासा, ट्यूबलाइटखाली ओरखडे लपतात. तुम्हाला मिळणारा पोर्टेबल चार्जर तिथेच लावून गाडी दहा मिनिटं चार्ज करून बघा. स्टेपनी आहे की फक्त पंक्चर किट, हे पाहा. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते आणि आडगावच्या रस्त्यावर टायरची कड फाटली तर किट निरुपयोगी ठरतं. टो करायची वेळ आली तर फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) लागतो, चाकं जमिनीवर ठेवून ओढलं तर मोटरचं नुकसान होतं. तो नंबर आधीच मोबाइलमध्ये घालून ठेवा.

ताब्याच्या दिवशी हिरवी नंबर प्लेट लागलेलीच हवी, खासगी गाडीला तिच्यावर पांढरी अक्षरं. पूजा जरूर करा, पण स्वस्तिक आणि हार पुढच्या कॅमेऱ्यावर किंवा बंपरमधल्या सेन्सरवर येऊ देऊ नका. हळद-कुंकू सुकलं की तो भाग ओल्या मऊ फडक्याने पुसून घ्या.

बॅटरीवर आयपी६७ लिहिलेलं असतं. ते एक मीटर पाण्यात अर्धा तास स्थिर ठेवण्याच्या चाचणीचं आहे. पांझरा किंवा वाघूरला पूर आल्यावर फरशी पुलावरून गाडी घालायची परवानगी म्हणून ते वाचू नका.

पहिल्या रात्री घरी चार्जिंग लावलं की अर्ध्या तासाने जाऊन प्लगवर आणि सॉकेटवर हात ठेवा. कोमट चालेल. हात टिकत नसेल इतका गरम असेल तर बंद करा आणि सकाळी त्याच इलेक्ट्रिशियनला परत बोलवा.