मानमंदिराची निळाई टिपायची तर

ग्वाल्हेरला निघालेले नागपूरकर फोटोवाले हमखास म्हणतात, "भाऊ, सूर्योदयालाच गडावर हजर!" जरूर जा. पण राजा मानसिंह तोमराच्या (कारकीर्द १४८६ ते १५१६) मानमंदिर या महालाचं खरं वैभव आहे भिंतींवरच्या निळ्या फरश्यांत, आणि अगदी कोवळ्या उन्हात त्याच निस्तेज दिसतात. त्या वेळच्या उन्हात निळा अंश फार थोडा असतो. दगड सोन्यासारखा उजळतो, निळं मात्र राखाडी पडतं.

म्हणून पहिलं ऊन दगडाला द्या. महालाची लांब बाजू कड्यावर, पूर्वेकडे तोंड करून आहे. गडाच्या पायथ्याच्या गुजरी महालाकडून हत्ती पोळ या दरवाजाकडे चढताना खालूनच कड्यासकट बुरूज घ्या.

सूर्य चांगला वर आला, तास-दीड तास उलटला, की दक्षिणेच्या भिंतीसमोर या. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून उगवतो, त्यामुळे या भिंतीवर ऊन तिरपं घासून जातं. कोरीव दगडाची प्रत्येक कड सावली धरते. पिवळी बदकं, केळीची झाडं, हत्ती भिंतीतून उठून येतात. जूनच्या दुपारी तिथे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. या भिंतीला काही मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत तिकडे दाट धुकं पडतं, तेव्हा नोव्हेंबर नाहीतर फेब्रुवारी गाठा.

फरशीची चकाकी त्रास देते. अगदी समोर उभं राहू नका, दोन पावलं बाजूला सरका आणि पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चकाकी कापणारा फिल्टर) हळूहळू फिरवा. चकाकी ओसरते त्या क्षणी निळा रंग एकदम गडद होतो. तिथेच थांबा, आणखी फिरवू नका. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगांचा तोल ठरवणारी सेटिंग) ऑटोवर नको, डेलाइटवर ठेवा. नाहीतर कॅमेरा प्रत्येक फ्रेममध्ये वेगळाच निळा दाखवेल.

हे सगळं निघण्याआधी घरीच करून पाहा. इतवारीतल्या माझ्या स्टुडिओच्या गच्चीवर शिकायला येणाऱ्या पोरांना मी निळ्या चकचकीत फरशीचा तुकडा देतो: एक फोटो सूर्य उगवताच, दुसरा आठ-साडेआठला. दोन्ही शेजारी ठेवले की मला काही समजवावं लागत नाही.

आतले चौक दुपारसाठी राखा, तेव्हाच वरचं ऊन दगडी जाळ्यांपर्यंत उतरतं. ट्रायपॉड नेणार असाल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधीच काढा.