कथेतली बाग ओलिताखाली कशी आणावी

कथेत बाग उभी करायला बसलेला नवा लेखक बहुधा फुलांच्या नावांपासून सुरुवात करतो आणि दुसऱ्याच परिच्छेदात मोगरा, शेवंती, गुलाब आणि पारिजातक एका ऋतूत फुलवून मोकळा होतो. वरुड, मोर्शी, काटोल या विदर्भातल्या संत्र्याच्या भागातल्या वाचकाला मात्र पहिली शंका वेगळीच येते: या बागेला पाणी कोण देतो? लेखकानेही याच शंकेपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. लक्षात राहिलेल्या बहुतेक बागा फुलांसाठी नव्हे, तर त्यांच्यापाठी खपणाऱ्या किंवा त्यांच्याबाहेर ठेवलेल्या माणसांसाठी लक्षात राहिल्या आहेत.

कालिदासाची शकुंतला आपल्याला प्रथम दिसते तीच सख्यांबरोबर आश्रमातल्या झाडांना पाणी घालताना. नवमालिकेच्या वेलीला तिने वनज्योत्स्ना असे नाव दिले आहे, ती वेल आंब्याला बिलगली आहे, आणि पाणी पडताच वेलीवरून उडालेला भुंगा तिच्या तोंडाभोवती घोंगावू लागतो, तेव्हाच झाडाआड लपलेल्या दुष्यंताला पुढे येण्याचे निमित्त मिळते. पुढे चौथ्या अंकात कण्व झाडांनाच सांगतात की, तुम्हाला पाजल्याखेरीज जी स्वतः पाणी पीत नसे ती आज सासरी निघाली आहे. पहिल्या अंकात घातलेले पाणी चौथ्या अंकात असे कामी येते. म्हणून लिहिण्याआधी अर्धे पान पाण्याचा हिशेब मांडावा. विहीर कोणाच्या हिश्श्यात आहे, लाईन, म्हणजे वीज, दिवसा येते की रात्री, रात्री आली तर मोटार सुरू करायला कोण जातो, ठिबक आहे की अजून दांडानेच, म्हणजे मातीच्या चरातून, पाणी फिरते, हे सारे लिहून ठेवावे. यातले एखादेच वाक्य कथेत जाईल. पण उरलेला हिशेब ठाऊक असला म्हणजे पात्रे आपोआप योग्य वेळी योग्य धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहतात.

संत्र्याच्या बागेपुरते आणखी एक तंत्र ध्यानात घ्यावे, ते म्हणजे ताण. झाडाला फुलवायचे असेल तर आधी त्याचे पाणी तोडावे लागते. अंबिया बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडतात, पाने मलूल होतात, आणि नंतर पाणी सोडले की जानेवारी-फेब्रुवारीत फुलोरा येतो. मृग बहाराचा ताण उन्हाळ्यात बसतो आणि पावसाच्या सरींवर झाड फुटते. विहिरीत पाणी असूनही जो माणूस झाडाला तहानलेले ठेवतो, आणि रोज संध्याकाळी जाऊन पाने किती वळली ते पाहतो, त्याच्या मनात काय चालले असेल ते लेखकाने सांगत बसू नये. त्याला नुसते बागेत फिरू द्यावे.

बंद बागेचा प्रसंग लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या 1911 सालच्या ‘द सीक्रेट गार्डन’मध्ये दहा वर्षे कुलूपबंद राहिलेली बाग आहे, किल्ली मातीत पुरलेली आहे, आणि वाळल्यासारख्या दिसणाऱ्या गुलाबाची फांदी चाकूने कापून पाहिली तर आत हिरवी निघते. ती बाग तिकडच्या पावसावर तगली. आपल्याकडे दहा वर्षे पाणी न मिळालेली संत्र्याची बाग अशी वाट पाहत नाही, त्यामुळे हा प्रसंग उचलून तसाच वावरात आणून ठेवता येत नाही. कुलूपही आपल्याकडे शोभत नाही. कुंपण असते ते रोही (नीलगायी) आणि रानडुकरांसाठी, आणि बाग खऱ्या अर्थाने बंद पडते ती वाटणीच्या दाव्यात. पण अशा बागेत जे घडते ते कुलपाहून विलक्षण आहे. संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, जंबेरी या काटेरी लिंबाच्या खुंटावर कलम करून भरलेला असतो. देखभाल सुटली, वरचे संत्रे वाळले आणि खुंटात जीव उरला असेल, तर खालून जंबेरी फुटते, आणि काही वर्षांनी त्याच जागी काटेरी झाडाला जाड सालीची आंबट फळे लागलेली दिसतात. दाव्याचा निकाल घेऊन परत आलेल्या भावाच्या हातात यातले एक फळ द्यावे. किल्ली शोधण्याची गरज उरत नाही.

काचघराच्या बाबतीत तर सारा प्रसंगच उलटा करावा लागतो. रेमंड चँडलर यांच्या ‘द बिग स्लीप’ (1939) या कादंबरीच्या आरंभी एक वृद्ध, आजारी जनरल ऑर्किडच्या दमट, तापलेल्या काचघरात पांघरूण घेऊन बसलेला आहे आणि त्याला भेटायला आलेला गुप्तहेर घामाने निथळतो आहे. त्या उष्म्यातूनच म्हाताऱ्याच्या अंगातली ऊब संपत आल्याचे कळते. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेल्यावर ऊब मागायला कोणी येत नाही. येथे शेडनेट असते ते ऊन अडवण्यासाठी. भर दुपारी जाळीखाली पडणारा हिरवट उजेड, ट्रेमधली मिरचीची रोपे, ओल्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) वास आणि जेवणाच्या सुट्टीत तेथे टेकलेल्या रोजाच्या बाया, एवढ्यावर प्रसंग उभा राहतो; मालकाने त्यांना तेथे बसू देणे किंवा न देणे ही त्याची पुढची पायरी. वादळात प्लास्टिकचा कागद फाटून उरलेले पॉलीहाऊसचे नुसते सांगाडेही लिहिण्याजोगे आहेत, मात्र त्यावर उसासे टाकू नयेत.

सगळी झाडे रंगवू नयेत. वाल्मीकींच्या अशोकवनात सीता बसलेली आहे ती अशोकाखाली नव्हे, तर शिंशपेखाली, आणि हनुमानही त्याच झाडावर दडलेला आहे. एवढ्या मोठ्या वनातून हे एकच झाड नेमके ठरवल्यामुळे वाचकाला कोठे पाहावे ते कळते. बाग संपवायची असेल तर चेखव्हचे 1904 मधले चेरीच्या बागेचे नाटक आठवावे: शेवटी झाडे पडताना दिसत नाहीत, फक्त कुऱ्हाडीचे घाव ऐकू येतात. आपल्या कथेत कदाचित जेसीबीचा आवाज असेल, पण तोही घराच्या आतूनच ऐकवावा.

मसुदा झाला की तो एखाद्या बागाईतदाराला वाचून दाखवावा. माझ्या एका कथेत मुलगा दिवाळीला शहरातून घरी येतो आणि संत्र्याच्या फुलांच्या वासाने थबकतो, असे मी मोठ्या प्रेमाने लिहिले होते. ऐकणारे काका म्हणाले, “दिवाळीत तं संत्रं तुटते भाऊ, फुलं कुठून आणली?” मी फुले संक्रांतीनंतर नेली. पण तेव्हा त्या मुलाला सुट्टी नव्हती, म्हणून त्याची नोकरी घालवावी लागली, आणि ती गोष्ट वडिलांना सांगण्याआधी तो तीन दिवस मोटार सुरू करायला एकटाच रात्री बागेत जात राहिला.