रात्रीचं जेवण सुधारायचंय? आधी साडेसहाला पोरं काय खातायत ते बघा

आमच्याकडे मुंबईत भांडुपला दोन वर्षं रात्रीचं जेवण म्हणजे नुसती मारामारी होती. नवरा अंधेरीहून मेट्रोने घाटकोपरला येणार, तिथून स्लो ट्रेन, घरात शिरेपर्यंत पावणेनऊ. मी बीकेसीहून शेअर रिक्षाच्या लायनीत ताटकळत कुर्ला गाठणार आणि घरी यायला सव्वासात, मग गरम पोळ्या लाटून ताटं मांडली की धाकटा म्हणणार भूक नाही. मोठी मुलगी भाजी कडेला सरकवून पोळी-साखर मागणार. माझा आवाज चढणार, सासूबाई म्हणणार "अगं ताटावर ओरडू नये", आणि नवरा हळूच टीव्हीचा आवाज वाढवणार.

भूक नाही कारण साडेसहाला वडापाव झालेला असायचा, नाहीतर मॅगी, नाहीतर बिस्किटाचा अख्खा पुडा. सासूबाईंना तरी काय बोलणार, पोरगं खाली खेळून घामाघूम होऊन आलंय, समोर जे असेल ते देणारच ना.

म्हणून पहिलं काम हेच करा, साडेसहालाच अर्धं जेवण उरकून टाका. खाऊ नाही, जेवणच. पोरांना तेव्हा कडकडून भूक असते आणि कडकडून भूक असली की दुधीसुद्धा चालतो, हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे दुधी किसून घातलेली छोटी थालीपीठं, उकडलेलं रताळं, किंवा मटकीची भेळ असते. मटकी सकाळी भिजत टाकायची, रात्री पाणी काढून ओल्या फडक्यात गच्च बांधून ठेवायची, सकाळी मोड तयार. पावसाळ्यात मात्र मोड लांब व्हायची वाट बघत बसू नका, इथल्या दमट हवेत वास मारायला वेळ लागत नाही, जरा फुटले की फ्रीजमध्ये टाका. आणि कच्चे नको, वाफवून. मग त्यात कुरमुरे, काकडी, गाजर, टोमॅटो, भरपूर लिंबू. लिंबू चवीला तर आहेच, पण त्यातल्या क जीवनसत्त्वाने कडधान्यातलं लोह अंगी जास्त लागतं. सासूबाईंनी हे सगळं अजिबात कुरकुर न करता घेतलं, कारण मी डबे आधीच भरून फ्रीजच्या एका खणात ठेवते, त्यांना फक्त मिसळायचं असतं. तुमच्याकडे पोरांना आजी नाहीतर सांभाळणाऱ्या ताई बघत असतील तर त्यांचं काम सोपं करा, नुसत्या सूचना देऊन काही होत नाही.

मग रात्री नऊला सगळे एकत्र बसतो ते हलकं असतं. वरण-भात, तूप, एक भाजी, कोशिंबीर, कधी नाचणीची भाकरी. पोरांनी चार घास खाल्ले तरी मला घोर नाही.

दुसरं, वाढून देणं बंद करा. पातेली मध्ये ठेवा आणि ज्याने त्याने आपलं घ्यावं. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाई आहेत, त्यांनी कामाची वाटणीच करून दिलीय, काय करायचं, कधी आणि कुठे जेवायचं ते आईबापाने ठरवायचं, खायचं की नाही आणि किती ते पोराने. वाचायला सोपं आहे हो, करताना जीभ चावावी लागते. पहिल्या आठवड्यात धाकट्याने रोज नुसता भात घेतला. मी गप्प. आठव्या का नवव्या दिवशी त्याने तोंडल्याची एक चकती उचलली, उजेडात धरून बघितली, "हे चाक आहे" म्हणाला आणि खाल्ली. आता तोंडली चकत्याच करून चिरते, उभी चिरली तर ती "तोंडली नाहीत". नवीन भाजी पोराच्या पचनी पडायला दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, तेव्हा दोनदा करून "त्याला आवडतच नाही" म्हणून सोडू नका. फक्त मागे लागायचं नाही, आणि "भाजी संपव मग आइस्क्रीम" असला सौदा तर नाहीच, त्याने भाजी ही शिक्षा आहे हेच पोराच्या डोक्यात बसतं.

भाजी किती लागते ते पण एकदा बघून घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये ज्या सूचना काढल्या त्यात मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात भाज्या ४०० ग्रॅम आणि फळं १०० ग्रॅम धरलीत. मी आमचा हिशोब केला, अर्धा किलो फ्लॉवर पाच जणांत दोन्ही वेळेला पुरवत होते. म्हणजे माणशी दिवसाला १०० ग्रॅम! आणि मला वाटायचं आम्ही फार भाजी खातो. पोरांना कमी लागते ते ठीक, पण आमचं काय. तेव्हापासून भाकरी-पोळी तेवढीच, भाजी दुप्पट, आणि कोशिंबीर रोज. पापड, लोणचं, फरसाण एका दिवशी एकच, कारण मीठ सगळं धरून दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि ते जेमतेम एक चहाचा चमचा होतं.

मजेचा भाग म्हणजे बाजार. दर शनिवारी पोरांना स्टेशनबाहेर नेते आणि एक भाजी त्यांनी निवडायची. पावसाळ्यात आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात तेव्हा जायलाच हवं, टाकळा, कुर्डू, फोडशी, कंटोळी. मोठीने पहिल्याच पावसात शेवळं उचलली, दिसायला भारी म्हणून. भाजीवाल्या मावशी म्हणत होत्या सोबत काकडं, म्हणजे आंबट रानफळं, पण घे, मला वाटलं जास्तीचं खपवतायत, नाही घेतली. रात्री पाचही जणांच्या घशाला अशी खाज सुटली की सासूबाई कोकमाचं आगळ चमच्याने पाजत होत्या. काकडांच्या आंबट रसाने शेवळांची खाज मोडते, नाहीतर भरपूर चिंच तरी हवीच. पण गंमत बघा, ते जेवण पोरं अजून सांगतात, आणि आता बाजारात मोठीच विचारते "मावशी, ह्याच्यासोबत काय घालायचं?"

मासे खाणाऱ्यांनी रविवारी बांगडा आणा, स्वस्त आणि ओमेगा-३ भरपूर. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा अंडी आणि उसळींवर भागवतो.

टीव्हीचं भांडण आम्ही वेळेने सोडवलं. सासूबाईंची मालिका साडेआठची, म्हणून ताटं नऊला. मोबाईल सगळ्यांचे लाडवाच्या रिकाम्या डब्यात, माझा पण. सासूबाईंचा जेवणावरचा चहा मात्र दहाच्या पुढे ढकलायला महिना गेला, चहाने लोह नीट शोषलं जात नाही म्हटलं तर म्हणाल्या "पासष्ट वर्षं पितेय". आणि गप्पा आपोआप सुरू होत नाहीत, "शाळेत काय झालं" विचारलं की "काही नाही" एवढंच येतं. आमच्याकडे नवरा ट्रेनमध्ये बघितलेली एक गोष्ट सांगतो, खरी की खोटी ते पोरांनी ओळखायचं. परवा म्हणे एक माणूस डब्यात उभ्या उभ्या फणस सोलत होता. खरं होतं ते.

ज्या दिवशी गाड्या रखडतात त्या दिवशी नऊ म्हणजे नऊ, आम्ही थांबत नाही, भुकेली पोरं आणि चिडलेली बाई एका खोलीत नको. नवऱ्याचं ताट झाकून ठेवते. तो आला की मोठी ताकाचा ग्लास घेऊन समोर जाऊन बसते, कारण त्याच्या ताटातला अर्धा पापड तिचा असतो.