खुल्या कारभाराचा कृती आराखडा: वचन कसे लिहावे, कसे तपासावे

‘पारदर्शकता वाढवण्यात येईल’ हे वाक्य कुठल्याही आराखड्यात खपून जाते, कारण ते पाळले की मोडले हे कुणालाच दाखवता येत नाही. 2011 मध्ये आठ देशांनी सुरू केलेल्या ‘ओपन गव्हर्नमेंट पार्टनरशिप’ या खुल्या कारभारासाठीच्या आंतरराष्ट्रीय मंचातील सरकारे नागरी संस्थांबरोबर बसून दोन किंवा चार वर्षांचा कृती आराखडा करतात आणि एक स्वतंत्र यंत्रणा त्याचे मूल्यमापन करते. वचन पडताळता येण्याजोगे आहे का, हा तिच्या पहिल्या काही प्रश्नांपैकी एक. सदस्य नसलेल्या शहराला किंवा एखाद्या खात्यालाही ही पद्धत वापरता येते.

वचनात चार गोष्टी हव्यात: कोण करणार, नेमके काय, कुणाच्या हाती काय येणार आणि कधीपर्यंत. ‘कंत्राटांची माहिती संकेतस्थळावर देऊ’ असे लिहिले तर एक पान टाकूनही काम झाले म्हणता येते. त्याऐवजी असे लिहा: ‘बांधकाम खाते 30 जूनपासून प्रत्येक कंत्राटाची निविदा, आलेल्या बोली, कार्यादेश, मुदतवाढ, वाढीव खर्च आणि अदा केलेली देयके 15 दिवसांच्या आत, मोफत उतरवून घेता येईल अशा तक्त्यात प्रसिद्ध करील.’ यातले मुदतवाढ आणि वाढीव खर्च हे शब्द कुणी खोडू लागले तर अडून बसा. निविदा कागदावर बहुधा चोख असते. खरा खेळ कार्यादेशानंतर चालतो. ‘अमुक रकमेवरील कंत्राटे’ अशी अट घालायचीच असेल, तर त्या रकमेखालच्या कामांची निदान यादी तरी मागा. नाहीतर एका रस्त्याचे चार तुकडे होतात आणि चारही तुकडे मर्यादेच्या जरा खाली बसतात.

जबाबदारी व्यक्तीच्या नावावर न टाकता पदावर टाका, म्हणजे बदली झाली तरी वचन जागेवर राहते. खर्चाची तरतूद अंदाजपत्रकातल्या कोणत्या शीर्षाखाली आहे तेही लिहा. वीस ढोबळ वचनांपेक्षा अशी पाच पुष्कळ झाली.

लोकांना विचारायचे ते मसुदा पक्का होण्याआधी आणि अंदाजपत्रकाचे दरवाजे बंद होण्याआधी. सल्लामसलतीचे वेळापत्रक निदान दोन आठवडे आधी जाहीर करावे. सरकार आणि नागरी संस्थांच्या समाईक मंचाची बैठक सहा महिन्यांतून एकदा तरी व्हावी आणि इतिवृत्त सर्वांना दिसावे. कामाच्या दिवशी भर दुपारी बैठक ठेवली, तर ज्यांचे ते पगारी काम आहे तेच येतात. ज्यांच्यासाठी योजना आहे ते येत नाहीत.

हरकती व सूचना मागवणे सोपे. उत्तर देणे टाळले जाते आणि पुढच्या वेळी माणसे फिरकत नाहीत ती यामुळेच. प्रत्येक सूचनेपुढे तीन रकाने ठेवा: निर्णय (मान्य, अंशतः मान्य की अमान्य), कारण आणि मसुद्यात कोणत्या कलमात बदल केला. ‘व्यवहार्य नाही’ हे कारण धरू नये. कायद्याचे कोणते कलम आड येते, किती खर्च वाढतो किंवा अधिकार कोणत्या खात्याकडे आहे, ते सांगावे. एकाच मजकुराच्या शंभर सूचना आल्या तर एकत्र उत्तर चालेल, पण आकडा लिहावा.

माहिती देताना स्कॅन केलेली पीडीएफ पुरेशी नाही, कारण तिच्यावर बेरीज करता येत नाही. सीएसव्ही (कोणत्याही संगणकावर उघडणारा साधा मजकुरी तक्ता) द्या, अक्षरांसाठी युनिकोड (सर्व संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत) वापरा आणि तारीख 2025-03-04 अशी वर्ष-महिना-दिवस क्रमाने लिहा. 03/04/2025 ही मार्चमधली की एप्रिलमधली, यावर वाद होतो. कंपनीचा नोंदणी क्रमांक 0045210 असेल तर एक्सेल पुढची शून्ये गिळून टाकते, म्हणून तो रकाना मजकूर म्हणूनच ठेवा. सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक कंत्राटाला निविदेपासून शेवटच्या देयकापर्यंत एकच क्रमांक हवा. कंत्राटांची माहिती एकसारख्या रूपात खुली करण्याच्या ‘ओपन काँट्रॅक्टिंग डेटा स्टँडर्ड’ या मानकाचा कणा हाच आहे. क्रमांक मध्येच बदलला तर पैसा कुठून कुठे गेला ते जुळवता येत नाही. खासगी तपशील लपवताना पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढू नका. खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. तपशील मूळ फाइलमधूनच काढून नवी पीडीएफ बनवा.

एवढे होऊनही चूक सापडल्यावर पुढे काय, हे ठरलेले नसेल तर उत्तरदायित्व येत नाही. युक्रेनमध्ये सरकारी खरेदीची ‘प्रोझोरो’ ही खुली प्रणाली 2016 मध्ये बंधनकारक झाली. तिच्यावर नजर ठेवण्यासाठी ‘डोझोरो’ हे नागरी व्यासपीठ उभे राहिले, कारण नुसते आकडे समोर ठेवल्याने गैरव्यवहार थांबत नाही, ते वाचून तक्रार करणारेही लागतात. आराखड्यात तक्रार कुठे करायची, किती दिवसांत उत्तर मिळेल, उत्तर न आल्यास अपील कुणाकडे आणि चौकशीचे निष्कर्ष कुठे प्रसिद्ध होतील, हे लिहा. अपील ऐकणारा अधिकारी त्याच खात्यातला नसावा.

प्रगतीचा तक्ता दर तिमाहीला अद्ययावत करा आणि प्रत्येक टप्प्यापुढे पुराव्याची लिंक द्या. ‘काम प्रगतिपथावर’ हा पुरावा नव्हे. मुदत हुकली तर जुनी तारीख पुसू नका. ती तशीच ठेवून शेजारी नवी तारीख, कारण आणि बदल मंजूर करणाऱ्याचे पद लिहा.