बोअर घेताना गाडीशेजारी बसा

बोअरची गाडी दिवसा येईल या भ्रमात राहू नका. दिवसभर दुसऱ्याच्या शिवारात असते, आपल्या बांधाला लागते तेव्हा रात्रीचे साडेनऊ. पाणाड्यानं दाखवलेल्या जागी नारळ फोडून घरातले झोपायला जातात. तुम्ही जाऊ नका. आमच्या पारनेर तालुक्यात मी घरचे आणि भावकीतले मिळून सात बोअर पाहिले. त्यातला पहिला माझ्या झोपेत झाला.

त्याच्या बिलात केसिंग, म्हणजे वरची माती ढासळू नये म्हणून भोकात सोडतात तो पाइप, ६० फूट होतं. वर्षभरात मुरूम ढासळून मोटर अडकली. आत कॅमेरा सोडला तर केसिंग ४० फुटांवरच संपलेलं. गाडीचा एजंट म्हणाला, "सही तुमचीच आहे ना?" होती. सकाळी चहा पिता पिता केलेली.

आता गाडीतून केसिंगचे पाइप उतरले की टेपनं मोजून प्रत्येकावर खडूनं आकडा घालतो. उरलेले परत मोजायचे, तेवढे वजा. मुरमात हॅमर, म्हणजे भोक पाडणारं टोक, भसाभसा उतरतो, चुरा पिवळट येतो. पाषाण लागला की आवाज ठणठणीत होतो आणि करडं पीठ उडायला लागतं. तिथं लगेच केसिंग सोडू देऊ नका. पाषाणात दोन-तीन फूट जाऊ द्या, मग पाइप टेकवा. नाहीतर पावसाळ्यात वरचं गढूळ पाणी शेजारून आत.

आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांचा रॉड २० फुटांचा. एक गेला की वहीत एक रेघ, पाच रेघांना १०० फूट. प्रत्येक रॉडचा मूठभर चुरा गोणपाटावर ओळीनं ठेवा. भोकाभोकांचा मांजऱ्या खडक किंवा तांबडा पट्टा आला की कान टवकारा, पाणी बहुधा तिथंच. धुरळा बसतो, चुऱ्याचे गोळे पडतात, मग फवारा. तो फूट लिहून ठेवा. मोटर त्याच आकड्यावरून सोडायची आहे. हवेच्या दाबानं चुरा-पाणी वर फेकणारा कंप्रेसर निदान अर्धा तास चालू ठेवायला लावा, कारण पहिल्या उसळीवर सगळेच खूश होतात. मग मातीचा आडवा बांध घालून पाणी २०० लिटरच्या ड्रमात घ्या. दोन मिनिटांत भरला तर तासाला ६००० लिटर.

"अजून शंभर फूट मारू" हे ऐकू येईलच. फुटामागे पैसे घेणारा दुसरं काय म्हणणार? २००९च्या राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहीर 'खोल विहीर' धरली आहे, म्हणजे जेमतेम १९७ फूट. एवढं खोल जायचं असेल तर परवानगीचं गाडी बोलवायच्या आधीच विचारून घ्या.

गाडी निघायच्या आत तोंडावर लोखंडी झाकण, नट-बोल्टनं. पोतं आणि दगड चालत नाही. २००६ साली हरियाणात प्रिन्स नावाचं पाच वर्षांचं पोर अशाच खड्ड्यात पडलं, दोन दिवसांनी जिवंत निघालं. सगळ्यांचं नशीब तसं नसतं. २०१०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांत केसिंगभोवती सिमेंटचा ओटाही सांगितला आहे: ३० सेंटीमीटर जमिनीवर, तेवढाच खाली.

आणि कोरडा गेला तर लाजून पालापाचोळा टाकू नका. माती, वाळू, दगड घालून तळापासून जमिनीपर्यंत भरा. मोठे धोंडे आधी ढकलले की मध्येच अडकतात आणि खाली पोकळी राहते. आमच्या चुलत्यांचा भरताना वरपर्यंत आलेली माती पहिल्या पावसात हातभर बसली. ट्रॅक्टर पुन्हा आणावा लागला.